रात्रीची सायकल, अंधारा रस्ता आणि हलका खिसा: दिवे कोणते घ्यावेत?

पायडलमार
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझी ड्युटी बदलली. आता रात्री साडेअकराला सुटतो आणि सायकलने घरी येतो. अंतर ११ किलोमीटर. पहिल्या सहा किलोमीटरांत रस्त्यावर दिवे आहेत, पुढच्या पाचांत मिट्ट काळोख. वेग ताशी १८ ते २२, घाईत असलो तर थोडा जास्त.

सध्या पुढे नाण्याएवढ्या सेलवर चालणारा रबरी पट्ट्याचा लुकलुकता दिवा आहे आणि मागे सायकलबरोबर आलेला लाल रिफ्लेक्टर. परवा रस्त्यात पडलेली फांदी मला दिसली ती चाकाखाली आल्यावरच. पडलो नाही, पण घरी येईपर्यंत हात थरथरत होते.

ऑनलाइन शोधायला बसलो तर डोकंच गरगरलं. एक दिवा हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), दुसरा तीन हजारांचा, तिसरा चक्क आठ हजारांचा, आणि तोच सगळ्यात स्वस्त! एका चांगल्या नावाजलेल्या दिव्याला जेवढे पैसे पडतात, त्याच्या अर्ध्यात मला पुढचा आणि मागचा दोन्ही बसवायचे आहेत. जमेल का?

घासलेट
आठ हजारवाला घ्या. समोरचा ट्रकच तुम्हाला डिपर देईल. (हलकेच घ्या.)

मोजपट्टी
पायडलमार, आठ हजारवाल्याची जाहिरात परत उघडा आणि त्यात फक्त वजन बघा. आकडे खोटे लिहिता येतात, पण वजनाबद्दल खोटं बोलायचं सहसा कुणाला सुचत नाही.

अशा दिव्यांत बहुधा १८६५० जातीचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. एका सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम. चांगल्यातला सेल ३००० मिलिअँपिअर-तासांचा धरला आणि दाब ३.६ व्होल्ट, तर त्यात साधारण ११ वॅट-तास ऊर्जा मावते. एलईडी आणि आतलं सर्किट मिळून एका वॅटला १०० लुमेन पडतात असं ढोबळ धरा. म्हणजे हजार लुमेनसाठी १० वॅट, आणि एक सेल तासाभरात रिकामा.

आता 'हजार लुमेन, दहा तास' असं लिहिलं असेल तर १०० वॅट-तास हवेत. म्हणजे नऊ-दहा सेल, म्हणजे नुसत्या सेलांचंच वजन जवळजवळ अर्धा किलो. आणि जाहिरातीत अख्ख्या दिव्याचं वजन १२० ग्रॅम! आठ हजार लुमेनला तर ८० वॅट लागतील. त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. काडेपेटीएवढ्या डब्यातून ती बाहेर पडायला लागली तर दिव्याला हात लावता येणार नाही.

सेलावर ९९०० मिलिअँपिअर छापलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरा. या आकाराच्या चांगल्या सेलांची मजल ३५०० च्या आसपास असते.

मग तुम्हाला किती उजेड लागेल? ताशी २२ म्हणजे सेकंदाला ६.१ मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात सायकल ९ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पाचेक मीटर. झाले १४. ताशी ३० ने गेलात तर हेच अंतर २१ मीटर होतं. म्हणजे २०-२५ मीटरपर्यंतचा रस्ता नीट दिसला की तुमचं काम झालं. त्याला २०० ते ३०० खरे लुमेन पुरतात, फक्त ते रस्त्यावर पडले पाहिजेत.

पायडलमार
मोजपट्टीदादा, बघितलं. आठ हजारवाल्याचं वजन ९८ ग्रॅम, क्लॅम्पसकट. 😀

दिवेलागण
मोजपट्टींच्या गणिताला अनुमोदन, पण एक दुरुस्ती. वजनात न बसणारा प्रत्येक आकडा थाप असतोच असं नाही. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं मानक आहे, २००९ पासून. त्यात उजेड मोजतात तो दिवा लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. आणि दिवा चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. त्यामुळे एखादा दिवा पहिली तीन मिनिटं हजार लुमेन देऊन, मग तापला म्हणून आपोआप तीनशेवर येऊन तीन तास चालला, तर डब्यावर 'हजार लुमेन, तीन तास' असं नियमात राहून छापता येतं! खोटं काही नाही, पण दोन्ही एकदम मिळत नाहीत.

म्हणून सगळ्यात मोठा आकडा सोडा. मधल्या मोडला किती लुमेन आणि किती तास, ते बघा. आपण रोज वापरणार तोच मोड. आणि मधल्या मोडचा आकडाच दिला नसेल तर तो दिवा मी तरी घेणार नाही.

सावलीतली
सगळे लुमेनच मोजत बसलेत. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर किती पडला, हे लक्स सांगतं. हातातल्या टॉर्चचा झोत गोल असतो. तो हँडलवर आडवा लावला की खालचा अर्धा भाग रस्त्यावर आणि वरचा अर्धा झाडांच्या शेंड्यांवर, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत. अर्धी बॅटरी लोकांना त्रास देण्यात खर्च! शिवाय डोळे दिपलेला माणूस नेमका आपल्याच अंगावर येतो.

जर्मनीत यावर कडक नियम आहेत. सायकलच्या पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो, मोटारीच्या लो-बीमसारखा. भिंतीवर पाडला तर वर सरळ रेघ दिसते. रेघेखाली उजेड, वर जवळजवळ अंधार. २०१३ पर्यंत तिथे बहुतेक सायकलींना डायनॅमो सक्तीचा होता, मग बॅटरीचे दिवेही चालू लागले. अशा दिव्यांवर लाटेसारखी रेघ, इंग्रजी 'के' अक्षर आणि पुढे आकडे असा शिक्का असतो. मुख्य म्हणजे ही चैन नाही. तिथे प्रत्येक सायकलला तसा दिवा लागतो, म्हणून साध्या, कमी दमाच्या दिव्यांतही हा झोत मिळतो.

मी स्वतः आधी गोल झोताचा ८०० लुमेनवाला वापरायचे. आता कापलेल्या झोताचा वापरते, तो कागदावर जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा असेल. रस्ता आता जास्त दिसतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. '४० लक्स' हा आकडा झोतातल्या सगळ्यात उजळ ठिपक्याचा असतो. झोत किती रुंद आहे ते त्यातून कळत नाही. अरुंद झोताने वळणावर पंचाईत होते, वळायचं असतं उजवीकडे आणि उजेड समोरच्या कुंपणावर. भिंतीवरच्या किंवा रस्त्यावरच्या झोताचा फोटो मिळाला तर बघाच.

लालदिवा
पुढच्या दिव्यावर एवढी चर्चा, आणि मागच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढचा विझला तर तुम्हाला लगेच कळतं. मागचा विझला तर घरी पोचेपर्यंत कळत नाही. म्हणून कमी पैशांतही मागे दोन दिवे लावा, दोन्ही साधे चालतील. लाल दिव्याला रस्ता उजळायचा नसतो, नुसतं दिसायचं असतं. दहा-वीस लुमेनही रात्रीला भरपूर.

घासलेट
आणि दोन्ही लुकलुकते ठेवा, म्हणजे लांबून कळेल.

लालदिवा
नको! निदान एक तरी स्थिर ठेवा. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो हे खरं. पण अंधारात मागच्या गाडीवाल्याला तो नेमका किती लांब आहे आणि कुठे सरकतोय, हे ठरवायला जड जातं. प्रत्येक उघडझापीत ठिपका नव्या जागी. स्थिर दिव्याचं तसं नसतं, त्याच्यावर नजर ठरते.

दिवेलागण
यावर देशादेशांतही एकमत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकता दिवा कायद्याने चालतो, मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकावा अशी अट आहे. जर्मनीत सायकलवर लुकलुक बंद. आपापल्या ठिकाणचा नियम आधी बघा.

पुढचा मात्र अंधारात लुकलुकता ठेवू नकाच. स्वतःचाच रस्ता तुकड्यातुकड्यांत दिसतो, डोकं दुखतं ते वेगळंच.

डायनॅमोकाका
तुम्ही तरुण मंडळी चार्जिंगच्या मागे लागलात. आमच्या सायकलला टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो होता. ६ व्होल्ट, ३ वॅट. त्यातले २.४ पुढच्या बल्बला आणि ०.६ मागच्या. उजेड पिवळट, पण कधी 'चार्ज संपला' म्हणाला नाही.

घासलेट
काका, पण थांबलं की अंधार! चौकात उभे असताना नेमके अदृश्य. आणि पावसात टायरवर घसरायचा तो वेगळाच.

डायनॅमोकाका
ते खरं. आता चाकाच्या मधल्या हबमध्ये बसणारे डायनॅमो आलेत, ते घासत नाहीत आणि पावसात घसरत नाहीत. दिव्यात थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहतो. तेवढ्याच ३ वॅटमध्ये एलईडी जुन्या बल्बच्या कितीतरी पट उजेड देते. पण चाक नव्याने विणून घ्यावं लागतं, म्हणजे पायडलमार यांच्या बजेटबाहेर. जुनं तयार चाक मिळालं तर सोडू नका, एवढंच सांगतो.

पायडलमार
मंडळी, खूपच माहिती मिळाली. एक शंका. घरी एक टॉर्च पडून आहे, १८६५० सेलचाच आणि बरा दिसतो. तोच हँडलवर लावला तर? सगळे पैसे मागच्या दिव्यांवर घालता येतील.

तीनचाकी
चालेल की! मी दोन वर्षं तेच केलं. क्लॅम्प स्वस्त मिळतो. टॉर्च त्यात ढिला बसत असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, खड्ड्यात हादरूनही हलत नाही. त्याच ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी टॉर्चच्या तोंडाशी वरून टोपीच्या झापेसारखी पुढे काढून बांधा. वर जाणारा उजेड अडतो. काचेच्या फक्त वरच्या अर्ध्यावर दुधी चिकटपट्टी लावली तरी झोताचा टोकदारपणा मरतो. सावलीताई म्हणतात तसा रेखीव कापलेला झोत नाही मिळणार, आणि अडवलेला उजेड वायाच जातो. पण निदान समोरच्याचे शिव्याशाप तरी लागत नाहीत.

आता कोन कसा लावायचा ते. दिवा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा, तुम्ही सीटवर बसा, कारण वजनाने टायर दबतात. भिंतीवर झोताचा सगळ्यात उजळ भाग दिव्याच्या उंचीच्या खाली यायला हवा. दिवा ९० सेंटिमीटरवर असेल आणि भिंतीवर उजळ ठिपका ६५-७० वर आला, तर तो रस्त्यावर साधारण २० मीटरवर पडतो. मग अंधाऱ्या रस्त्यावर एकदा जाऊन थोडं वरखाली करा. कापलेल्या झोताच्या दिव्यालाही हे लागतंच. तो आभाळाकडे तोंड करून लावला तर कापण्याचा उपयोग काय?

सावलीतली
+१. आणि टॉर्च कपाळावर, म्हणजे हेल्मेटवर नका लावू, निदान तो एकटाच नको. डोळ्यांच्या रेषेतून उजेड गेला की खड्ड्याची सावली आपल्याला दिसतच नाही, रस्ता सपाट वाटतो. दिवा जितका खाली, तितकी खड्ड्याची सावली लांब पडते. धुक्यात किंवा बारीक पावसात तर कपाळावरच्या दिव्याने डोळ्यांसमोर पांढरा पडदाच उभा राहतो.

घासलेट
धुक्यात पिवळा दिवा आरपार जातो म्हणतात, मग पिवळा कागद लावू का?

दिवेलागण
लावू नका, उजेडच कमी होईल. धुक्यातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे पिवळा काय आणि पांढरा काय, सगळे रंग सारखेच विखुरतात. धुक्यात दिवा खाली लावायचा आणि झोत खाली धरायचा.

ओलीमाती
माझा दिवा लुमेनने नाही, पावसाने मारला. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण सैल झालं होतं, मी दुर्लक्ष केलं. एका सरीत आत पाणी गेलं आणि दिवा रात्रभर आपोआप लागत-विझत राहिला. भुताटकीच!

डब्यावर पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स४ हा दर्जा असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. आयपीएक्स६ ला जोराची धार चालते. आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. रोजच्या वापराला ४ पुरतो, पण तो झाकण घट्ट लागलेलं असतानाच. ते झाकण हाताने दाबून बघूनच दिवा घ्या. लटकणारं झाकण मला तरी वर्षभरसुद्धा टिकलेलं दिसलं नाही.

आणखी एक अनुभव. नवा दिवा टाइप-सी चार्जिंगचा घेतला, फोनच्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने लावला, तर ढिम्म! मला वाटलं मेला. मग कळलं की स्वस्त दिव्यांत त्या भोकामागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावली की चार्ज होतो. परत पाठवण्याआधी हे करून बघा.

मोजपट्टी
हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

दिवेलागण
सगळ्यात स्वस्त गोष्ट राहिलीच: घोट्याभोवतीच्या चमकत्या पट्ट्या. १९७३ मध्ये स्वीडनमध्ये गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवरचे उजळ ठिपके हलताना दिसले तरी बघणाऱ्याला क्षणात कळतं, हा माणूस चालतोय. घोट्यावरची पट्टी पायडलबरोबर वरखाली होते. मागच्या चालकाला नुसता ठिपका दिसत नाही, पाय मारणारा माणूस दिसतो. पाठीवरचं चमकतं जॅकेट त्या मानाने खांबासारखं स्थिर.

पण पट्टी म्हणजे दिवा नव्हे. ती आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. मोटारीचे दिवे अंगावर पडले तर लखलखते. आडव्या रस्त्याने येणाऱ्याचे दिवे तुमच्यावर पडतच नाहीत, त्याच्यासाठी तुम्ही काळेच.

पायडलमार
तीन आठवड्यांनी परत आलो, हिशोब द्यायला.

पुढे: सावलीताईंचं ऐकलं. कापलेल्या झोताचा, शिक्का असलेला, साध्यातला साधा दिवा घेतला. मधल्या मोडवर माझ्या चार फेऱ्या होतात. पहिल्या रात्री वाटलं, फसलो. हँडलवरून बघताना टॉर्चएवढा झगमगाट नाही. मग त्याच अंधाऱ्या पट्ट्यात दोन्ही आळीपाळीने लावून बघितले. टॉर्चने समोर पांढरा गोल दिसतो आणि बाकी सगळं काळं. नव्या दिव्याने चाकापासून लांबपर्यंत रस्ता एकसारखा दिसतो, कडेची माती कुठे सुरू होते तेही. टॉर्च आता बॅगेत असतो, पंक्चर काढायला.

मागे: दोन छोटे लाल दिवे, एक स्थिर, एक लुकलुकता. घोट्याला पट्ट्या. बजेटमधून थोडे पैसे उरलेसुद्धा.

आणि आता फजिती. लालदिवा म्हणाले ते इतकं खरं ठरेल असं वाटलं नव्हतं. परवा एका सहकाऱ्याला म्हटलं, तू माझी सायकल चालव, मी मागे उभा राहून बघतो. माझी बॅग कॅरिअरला बांधलेली होती, नेहमीसारखीच. तो पन्नास पावलं गेला आणि मला दिसेना! सीटखाली लावलेले दोन्ही दिवे बॅगेमागे झाकले गेले होते. पायाच्या पट्ट्या तेवढ्या चमकल्या, त्याही मागून एक गाडी आली म्हणून. म्हणजे सतरा-अठरा रात्री मी दोन दोन दिवे लावून अंधारातच फिरत होतो.

लालदिवा
बाप रे. मग आता कुठे लावलेत?

पायडलमार
एक कॅरिअरच्या मागच्या दांडीला, बॅगेच्या खाली. दुसरा बॅगेच्याच पट्ट्याला, पण तो झुकून जमिनीकडे बघायचा, म्हणून मागे पुठ्ठ्याची घडी घातली आहे. रोज निघताना दहा पावलं मागे जाऊन बघतो. वॉचमन हसतो.

घासलेट
हसू द्या. त्या आठ हजारवाल्याचं काय झालं?

पायडलमार
जाहिरात अजून रोज समोर येते. काल बघितलं तर तो दहा हजारांचा झाला होता. वजन तेच, ९८ ग्रॅम.